थोरली, धाकटी आणि शिळं पेट्रोल

तीर्थरूप दादांना,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायला आलो असतो तर मला उठवायला वहिनींना शेजारच्यांना हाक मारावी लागली असती. कंबर सध्या अशी धरली आहे की खुर्चीतून उठायचं असलं तरी मी घरात आधी जाहीर करतो. म्हणून कागदावरच घातला आहे, गोड मानून घ्या.)

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मला पाठ झालं आहे. मी फोन करतो, वहिनी उचलतात, आतल्या खोलीत जाऊन येतात आणि म्हणतात, झोपलेत. सकाळी झोपलेले, दुपारी झोपलेले, संध्याकाळी दिवे लागले तरी झोपलेले. लहानपणी आईने दटावून, थोपटून, शेवटी पाठीत धपाटे घालूनसुद्धा तुम्ही कधी एवढे झोपला नव्हता. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. झोपलेल्या माणसाला फोन घेता येत नाही, पत्र मात्र उशाशी वाट बघत पडून राहतं आणि त्याला कुणी 'नंतर करा' म्हणत नाही.

वहिनींकडून बाकीचं कळतं. ऑपरेशनची जखम छान भरली आहे, डॉक्टर चाला म्हणतात, तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडता, आणि काहीही विचारलं तरी 'ठीक आहे' म्हणता. भाजीत मीठ पडलं नव्हतं तरी ठीक आहे. शेजाऱ्याने आपली गाडी तुमच्या फाटकासमोर आडवी लावली तरी ठीक आहे. मी खरा घाबरलो तो याने. मला कळायला लागल्यापासून दिवसातून एकदा तरी गाढव म्हटल्याशिवाय तुम्ही मला सोडलेलं नाही (माझ्या लग्नातही सोडलं नाही, तेही हिच्या माहेरच्या माणसांसमोर), आणि मागच्या भेटीत मी गरम चहाचा अख्खा कप तुमच्या पांघरुणावर सांडला, तर तुम्ही छताकडे बघत म्हणालात, ठीक आहे. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. (म्हणजे हिने वाढलेलं जेवलो नाही. नंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थोडं खाल्लं.)

असो. मुद्दा बोटीचा. दवाखान्यातून निघताना तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत, की इंजिनं साफ कर, दोन्ही चालू कर आणि त्या हॉटेलवाल्याला बोट देऊन टाक, मला आता त्यातलं काही नको. थोरल्या भावाची आज्ञा म्हणून मी लगेच कामाला लागलो. लगेच म्हणजे कंबर, हिचा भाचा आला होता तो, आणि नंतर पुन्हा कंबर, एवढं आटोपल्यावर. त्याचा सविस्तर वृत्तान्त पुढे देतो. तुम्ही तो वाचाल की नाही कोण जाणे, पण मी लिहिणार आहे, कारण जे भोगलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझी कंबर सुटणार नाही.

आधी त्या हॉटेलवाल्यांविषयी. ते बोट बघायला येऊन गेले. मोठे सज्जन आहेत, पायातले बूट काढून बोटीत चढले. त्यांच्या हॉटेलसमोर नदीकाठी हिरवळ आहे, तिथे बोट कायमची काठावर ओढून ठेवायची, तिच्यात कुंड्या मांडायच्या आणि मागच्या भागात आइस्क्रीमचा फ्रीज ठेवायचा, असा त्यांचा बेत आहे. फ्रीज नेमका कुठे, तर थोरली आणि धाकटी आहेत तिथे. (तुमच्या इंजिनांची नावं मी त्यांना सांगितली नाहीत. परक्या माणसापुढे कशाला.) बोट एकदा काठाला लागली की इंजिनं काढून टाकणार, पण तिथवर मात्र तिने आपल्या पायांनी आलं पाहिजे, कारण त्यांच्या रस्त्याला बोट वाहून नेण्याएवढी मोठी गाडी वळत नाही, आणि नदीतून जावं तर सगळी वाट प्रवाहाच्या उलटी, म्हणजे दोन्ही इंजिनं धडधाकट हवीत. थोडक्यात, दोघींनी अंगात आहे नाही तेवढा जोर लावून स्वतःला तिथे पोचवायचं आणि पोचल्यावर भंगारात जायचं. हे सगळं ते हातातल्या टेपने मापं घेत इतक्या गोडीने सांगत होते की मला त्यांच्यावर रागावतासुद्धा आलं नाही. मी फक्त टेपचं दुसरं टोक धरायला नकार दिला.

आता पेट्रोल. तुम्ही आजारी पडायच्या आधीपासून बोट उभी आहे, म्हणजे टाकीतलं पेट्रोल दोन वर्षांचं. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास येण्याऐवजी जुन्या कपाटाला पॉलिश केल्यासारखा वास आला. तुमचे सगळे नियम मी पाळले, काळजी नको. बोटीच्या पोटात पेट्रोलची वाफ साठते, ठिणगी पडली की आपण सगळे एकदमच वर, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलं आहे की मला बोटीत शिंकायचीही भीती वाटते. म्हणून आधी बॅटरीची तार काढली. मग वाफ बाहेर घालवायला पंखा लावायला गेलो, तर पंखा बॅटरीवर चालतो. बॅटरी लावावी तर वाफ, वाफ घालवावी तर बॅटरी. मी बराच वेळ या पेचात मान खाली घालून बसलो. शेवटी हिने सगळी झाकणं उघडी टाकली, खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि तिथेच बसून वारा घालायला लागली. लग्नात मी हिला सुखात ठेवीन म्हणालो होतो, ते आठवून मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

टाकी उपसायला तुमचा हातपंप काढला तर त्याच्या आतलं चामडं वाळून चुरा झालेलं. मग मी ते केलं जे तुम्ही जन्मात करू नको म्हणून सांगितलं होतं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. दादा, दोन वर्षांच्या पेट्रोलची चव मी तुम्हाला कशी सांगू. सगळं थुंकलं, चुळा भरभरून नदीची पातळी कमी केली, डॉक्टरांकडेही जाऊन आलो (त्यांनी आधी फुप्फुसं तपासली, मग माझं वय विचारलं आणि ते वहीत दोनदा लिहून घेतलं). पुढचे काही दिवस मला ढेकर आला की ही गॅस बंद करत असे. माझं पान गच्चीत मांडलं जात असे. उरलेली टाकी मी नवा पंप आणून उपसली. कोऱ्या चहासारखं पेट्रोल निघालं आणि तळाशी पाणी, गंज आणि एक काळा चिकट गाळ. ते सगळं कॅनमध्ये भरून धक्क्याच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात नेऊन ओतलं. तिथल्या पहारेकऱ्याने मला अडवून विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, माझ्या भावाचं पेट्रोल. त्याने तुम्ही कसे आहात विचारलं आणि पिंपाचं झाकण स्वतः उघडून दिलं.

धक्क्यावर सगळेच विचारतात. सगळ्यांत जास्त आपले शेजारच्या बोटीतले मास्तर. (त्यांची बोट अजून धक्क्याला तशीच बांधलेली आहे. त्यांनी स्वतः दोर सोडलेला मी आजवर पाहिला नाही. ते तिच्यात बसून पेपर वाचतात आणि वाचून झाला की घरी जातात.) मी वाकून नळ्या कापत असताना ते वरून तास घ्यावा तशा सूचना देत होते. जुनी रबराची नळी बाहेरून चांगली दिसते पण आतून कुजते, आणि तिची साल फिल्टरमध्ये जाऊन बसते, असं त्यांनी सांगितलं. ते खरंही होतं, पण ते मला नळी कापून झाल्यावर आणि साल हातात आल्यावर सांगितलं. रोज निघताना मात्र ते एकच विचारतात, दादा कधी येणार. तुमची घडीची खुर्ची त्यांनी आपल्या बोटीत नेऊन ठेवली आहे. म्हणाले, इथे उन्हाने कापड विरेल. तिच्यात ते स्वतः बसत नाहीत, कुणाला बसूही देत नाहीत.

मग कार्ब्युरेटर. दोन्ही काढून घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडले. आत सगळीकडे पिवळा डिंक. त्यातला तो बारीक भोकाचा पितळी तुकडा, जेट, तो मी चिमट्याने धरला आणि तो उडाला. कुठे गेला ते दोघांनीही पाहिलं नाही, आवाज मात्र दोघांनीही ऐकला. आम्ही सतरंजी झटकली, सोफा सरकवला, ही ओट्याखाली गेली, मी ओट्याखाली जाऊ शकत नसल्यामुळे वरून मार्गदर्शन केलं. जेट निघाला हिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये. तोपर्यंत त्यातलं एक पितळी बटण मी डिंक काढून लख्ख पुसून ठेवलं होतं आणि त्याला भोकं चार कशी, याचा विचार करत होतो. जेटमध्ये तार घालायची नाही हे मला आठवलं, भोक मोठं होतं आणि इंजिन पेट्रोल ढोसायला लागतं, म्हणून हिच्या केसांच्या ब्रशचा एक दात उपटून त्याने साफ केला. ब्रशविषयी घरात अजून वातावरण आहे.

धुण्याच्या वेळी आणखी एक गंमत झाली. हात साबणाने माखले होते म्हणून मी स्वयंपाकघरातला नळ कोपराने बंद करायला गेलो आणि तो भसकन पूर्ण उघडला. टेबलावर वाळत ठेवलेले सगळे भाग पुन्हा ओले. तुम्ही बसवलेला नळ तो, डावखुऱ्या हाताने डावखुऱ्या हिशोबाने बसवलेला, बंद करायला जावं तर उघडतो. आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी भिजतो. प्लंबर बदलून देतो म्हणाला होता, पण ही त्याला हात लावू देत नाही. भाऊजींनी बसवला आहे, असू दे, म्हणते. मलाही तो बदलावासा वाटत नाही. भिजलो की तुमची आठवण येते, आणि मी बराच भिजतो.

सगळं परत जोडलं, नवे फिल्टर घातले, नव्या नळ्या, नवं पेट्रोल. झाकणं उघडी ठेवून, पंखा चालवून (या वेळी त्याला बॅटरी होती), नाकाने वास घेऊन खात्री केली आणि थोरलीची किल्ली फिरवली. ती खोकली. पुन्हा फिरवली, तिने मागून एवढा काळा धूर सोडला की मास्तरांचा पेपर दिसेनासा झाला. आणि मग दादा, ती लागली. आधी अडखळत, मग सावरून, मग तुम्ही नेहमी लावून द्यायचात तशा एका सुरात. मी उगाच मागे वळून पाहिलं. तुम्ही तिथे एक पाय पाटावर ठेवून, कान तिरका करून उभे असायचात. मागे कुणी नव्हतं. मी डोळे पुसले आणि हिला सांगितलं की धूर डोळ्यांत गेला. ही म्हणाली, माझ्याही गेलाय.

धाकटी मात्र लागली नाही. त्याच टाकीचं पेट्रोल, तेच फिल्टर, तीच माझी कंबर, आणि तिच्या कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलचा थेंब येत नाही. पंप उघडला, त्यातला पडदा शाबूत. फिल्टर पुन्हा काढला, स्वच्छ. नळी फुंकून पाहिली, मोकळी. पेट्रोलचा कॉक अर्थातच उघडा आहे, त्याची दांडी नळीच्या रेषेत सरळ आहे, जगातल्या कुठल्याही कॉकची उघडा असताना असते तशी, मी स्वतः हात लावून पाहिलं. मिस्त्रीला आणलं, त्याने आत न उतरताच वरून सांगितलं की दोन्ही इंजिनं फेका आणि नवी बसवा, आणि गेला. रोज जातो, रोज काहीतरी उघडतो, रोज बंद करतो. मास्तरांचं मत असं की तिला तुमचा हात लागल्याशिवाय ती लागणार नाही. शिकलेल्या माणसाने असं बोलू नये, पण मी काही वाद घातला नाही.

एकट्या थोरलीवर बोट नेता येईल का, हेही पाहिलं. हिला बरोबर घेतलं, दोर सोडला आणि निघालो. उजवीकडचं एकच इंजिन ढकलत असल्यामुळे बोट डावीकडे वळली. मी चाक उजवीकडे पिळलं, तरी डावीकडेच. आम्ही मास्तरांच्या बोटीसमोर संथपणे फेऱ्या मारायला लागलो. ही छत्री उघडून पुढे बसली होती, प्रत्येक फेरीला मास्तर पेपर खाली करून तिला नमस्कार करायचे आणि तीही करायची. काठावर माणसं जमली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेवटी मास्तरांनी दोर फेकून आम्हाला ओढून घेतलं, आणि त्या गडबडीत त्यांचा स्वतःचा दोर सुटला. दादा, ती बोट धक्क्यापासून चार हात दूर गेली. मास्तर घाबरतील असं वाटलं, तर ते उभे राहून सगळ्यांना हात दाखवत होते.

तर अशी परिस्थिती आहे. तुमच्या आज्ञेतला अर्धा भाग झाला, अर्धा राहिला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, विश्रांती घ्या, वहिनी देतील ते खा आणि मीठ नसेल तर तसं सांगा. वहिनींना नमस्कार. त्या हल्ली फोनवर नीट बोलतात आणि शेवटी एकदम घाईने ठेवून देतात, ते का, हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

आपला,
धाकटा

ता. क. हॉटेलवाल्यांना तुमच्याकडूनच कळवा, की धाकटी अडून बसली आहे, बोट एवढ्यात येत नाही, कुंड्या दुसरीकडे मांडा. मी कळवलं तर ते टेप घेऊन परत येतील.

ता. क. धाकटीचं नेमकं काय बिघडलं असेल, ते एका ओळीत कळवलंत तरी पुरे. नाही कळवलंत तरी ठीक आहे. (बघा, हे दोन शब्द मी लिहिले तर तुम्हाला कसे वाटतात.)

ता. क. भाऊजी, नमस्कार. अक्षर बदललं म्हणून दचकू नका, मी आहे. पाकीट चिकटवून पोस्टात टाक म्हणून यांनी माझ्याकडे दिलं. मी वाचलं. मला खोटं जमत नाही, तुम्हाला माहीत आहे.

धाकटी परवाच लागली. पहिल्या किल्लीला. कॉकची दांडी सरळ होती म्हणजे तो बंद होता. तो तुम्ही आजारी पडायच्या आधी बदललात ना, आमच्या नळासारखाच उलटा बसवलात. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते, नळाची आठवण झाली, म्हटलं आडवा करून बघा. यांनी केला. दोघी मिळून इतक्या छान चालत होत्या की मास्तरांनी पेपर घडी करून ठेवला. मग यांनी धाकटी बंद केली, कॉक परत सरळ केला, आणि मला व मास्तरांना शपथ घातली की कुणाला बोलायचं नाही. दोन्ही चालतात असं कळलं की बोट जाणार, आणि बोट गेली की दादा भिंतीकडचं तोंड परत इकडे करणारच नाहीत, असं म्हणाले. पत्रातलं ते कॉकचं वाक्य त्यांनी तीनदा खोडून मुद्दाम लिहिलं आहे. दादा ते वाचतील आणि उठून बसतील, म्हणाले.

बसला असाल, तर तसेच फोनपर्यंत चालत जा. जाऊबाईंना मध्ये घालू नका. यांना फक्त गाढव म्हणा आणि ठेवून द्या. पत्र पोचायला किती वेळ लागतो ते हे सकाळपासून दोनदा विचारून गेलेत, आणि आता फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेत. पत्र अजून माझ्या हातातच आहे.